नेढ्यातली झणझण

तो चष्म्याच्या दुकानात आला आणि चष्मा सोडून बाकी सगळ्याची चौकशी करायला लागला.

बाहेर पाऊस थांबला होता आणि पुन्हा पडावं की नाही याचा विचार करत होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालक मागच्या खोलीत काचा घासत होते आणि त्यांच्याकडे कामाला असलेली ती भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पुसत होती. त्यातली सगळ्यात खालची ओळ आजवर कोणालाच वाचता आलेली नव्हती, पण वाचता येते असं सांगणारे बरेच होते. चष्म्याच्या दुकानात माणसं फार खोटं बोलतात. "हे स्पष्ट दिसतंय, की आधीचं?" असं विचारलं, की समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून "हे, हे" म्हणतात आणि घरी जाताना खांबावर आपटतात.

"भिंगं घासायची पूड मिळेल?" तो म्हणाला.

"पूड विकत नाही. चष्मे विकतो."

"चष्मा नको. मला दिसतं."

"सगळे असंच म्हणतात. तिसरी ओळ वाचा."

त्याने तिसरी वाचली. चौथी वाचली. मग कोणी सांगितलेलं नसताना सगळ्यात खालची वाचली, आणि बरोबर वाचली. तिला उगाचच अपमान झाल्यासारखं वाटलं.

"पूड कशाला हवी?"

"नेढी गुळगुळीत करायची आहेत."

"सुयांची?"

"पियानोची."

मग त्याने काउंटरवरचा एक कागद ओढला आणि चित्र काढूनच समजावलं. पियानोच्या आत प्रत्येक तार एका पितळी खुंटीच्या नेढ्यातून जाते. तार ताणलेली असते, नेढ्याच्या वरच्या कडेला दाबून बसते. वर्षानुवर्षं वाजून वाजून तिथे खाच पडते, आणि मग सूर स्वच्छ निघत नाही—झणझणतो. तार काढायची, नेढं कोरून परत गोल करायचं, पूड लावलेल्या दोऱ्याने घासायचं, तार परत घालायची. बस.

"हे काम करून कोणी जगतं?" तिने विचारलं.

"मी जगतोय. म्हणजे… लोकांचं तसं मत आहे."

तो हे इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिला हसावं की दिलासा द्यावा ते कळेना. तिने तिसरंच केलं.

"आमच्याकडे पियानो आहे. आत्याचा. त्यात माशी शिरलीय."

"माशी?"

"वाजवला की भुणभुणते."

"येऊ बघायला?"

"पूड देऊन टाक गं त्यांना," आतून मालक म्हणाले. "आणि माशीचं घरी जाऊन बोला. इथे सगळं ऐकू येतंय."

*

आत्याने आयुष्यभर मुलांना पियानो शिकवला होता. आता तिच्या बोटांचे सांधे सुजले होते आणि घरात शिकवणीऐवजी शांतता भरत होती. भाची लहानपणापासून तिच्याकडेच राहायची. का, हे सांगण्यात आता कोणालाच रस उरला नव्हता. आत्याची एक जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या शहरात संगीताची शाळा चालवायची. पियानो तिला द्यायचा, हे ठरलेलं होतं. 'झणझण तेवढी काढून ठेवा, मी गाडी पाठवते,' असा तिचा निरोप होता.

तो आला, त्याने पियानोचं झाकण उघडलं आणि कमरेपर्यंत आत गेला. बराच वेळ नुसते पायच दिसत होते.

"तुमच्या नेढेवाल्यांना बाहेर यायचंय का, की चहा आतच द्यायचा?" आत्याने विचारलं.

"बरीच नेढी झिजलीत," आतून आवाज आला. "पण पियानो चांगल्या हातांनी वाजवलाय. खाचा सरळ आहेत."

आत्याच्या चहात त्या दिवशी साखर जास्त पडली.

काम संध्याकाळचं चालायचं, ती दुकानातून आली की. तो एकेक तार सैल करून नेढ्यातून ओढून काढायचा. मग लाकडी मुठीचं बारीक कोरणं नेढ्यात घालून दोन बोटांनी हलकेच फिरवायचा, झोपलेल्या माणसाच्या खिशातून किल्ली काढावी तसं. ती बॅटरी धरून उभी राहायची. त्यामुळे दोघांची डोकी एकाच झाकणाखाली यायची. तिथे पितळ, जुनं लाकूड आणि त्याच्या शर्टाच्या साबणाचा वास होता.

"बॅटरी हलतेय," तो म्हणायचा.

"हात दुखतोय."

"दुसऱ्या हातात धरा."

"दुसरा हात दुखणाऱ्या हाताला धरतोय."

तो विचार करायचा. "मग बरोबर आहे," म्हणायचा, आणि कामाला लागायचा.

तार परत घातली की तो सूर वाजवायचा आणि मान तिरकी करून ऐकत राहायचा. "सूर पूर्ण विझेपर्यंत ऐकायचं," त्याने तिला शिकवलं. "झणझण शेवटी सापडते. सगळे निघून गेल्यावर मागे रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी." आणि तो विझणारा सूर ऐकत असताना तिला त्याचा चेहरा अगदी जवळून बघता यायचा. तो डोळे मिटायचा. तिने कधीच मिटले नाहीत.

काम झालं की तो स्वयंपाकघरात जाऊन हात धुवायचा. फार वेळ धुवायचा. पितळाचा कीस जायला वेळ लागत असेल, असं तिला वाटायचं. नळ सोडून तो त्याखाली हात धरायचा आणि त्याचा चेहरा सैल व्हायचा, घरी पोचल्यासारखा.

"स्वच्छ मुलगा आहे," आत्या म्हणायची. "पाण्याचं बिल त्याच्या नावावर करून घे."

*

एकेक करून सगळी नेढी झाली. माशी गेली. मधला एकच सूर उरला होता, तोही त्याने केला. तार घातली, ताणली, वाजवली. सूर उमलला, खोलीभर पसरला, खिडकीच्या काचेपर्यंत गेला आणि विझला. धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा स्वच्छ.

तो मान तिरकी करून उभाच होता.

"अजून आहे," तो म्हणाला. "बारीक. तुम्हाला येतेय ऐकू?"

तिला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तो तिच्याकडे असा बघत होता… तिच्या उत्तरावर काहीतरी मोठं अवलंबून असल्यासारखा. आणि तिला एकदम उलगडा झाला. काम संपलं होतं. काम संपलं, की येण्याचं कारण संपलं. बिचाऱ्याला दुसरं कारण सुचत नव्हतं.

तिचे कान गरम झाले. "हो," ती म्हणाली. "आहे… थोडीशी."

स्वयंपाकघरात आत्याच्या हातून चमचा पडला.

तो गेल्यावर आत्या दारात येऊन उभी राहिली. "माझ्या शिकवणीतली मुलं सराव न करण्याची यापेक्षा बरी कारणं सांगायची."

"कशाबद्दल बोलतेस?"

"मी? मी कुठे बोलतेय. मला म्हातारीला काय ऐकू येतंय." आणि ती गुणगुणत आत गेली.

मग तो येतच राहिला. त्या एका नेढ्यासाठी. कोरायचा, घासायचा, वाजवायचा. "अजून आहे?" तो विचारायचा, आणि ती आवाजात जमेल तेवढी काळजी आणून म्हणायची, "अजून आहे." तिला हा खेळ फार आवडला होता. तिच्या मते इतक्या चिकाटीने आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने अजून कोणी कोणासाठी खोटं बोललं नव्हतं.

एकदा तो म्हणाला, "आता शेजारच्या सुरातही ऐकू येतेय."

"लागण झाली असेल."

"तसं होत नाही."

"काळजी घ्या. पुढे शेजारच्या घरात जाईल, मग तिकडेही जावं लागेल तुम्हाला रोज."

तो हसला नाही. कोरण्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

ती त्याला वाटा काढून द्यायची. "हे काम संपलं की काय करणार?" असं विचारायची. किंवा, "संध्याकाळी इथून बाहेर पडलं, की कोपऱ्यावरची बाग उघडी असते." तो म्हणायचा, "हो, बघितलीय." आणि परत नेढ्याबद्दल बोलायला लागायचा. नेढं फार कोरलं तर मोठं होतं, तार वर सरकते, सूर बिघडतो. "एकदा काढलेलं पितळ परत लावता येत नाही," तो म्हणाला. तिने ते फक्त ऐकलं. त्याच्या भुवईवर कीस लागला होता आणि तो पुसावा की नाही, यात ती गुंतली होती.

तिने पुसला.

तो थांबला. कोरणं हातात, हात हवेत. "मी…" तो म्हणाला. कोरणं शर्टाला पुसलं. मग म्हणाला, "मी उद्या नवी खुंटी घेऊन येतो."

*

दुसऱ्या दिवशी त्याने ती खुंटीच काढली. नेढं एवढं मोठं झालं होतं, की त्यातून आता तारच काय, एखादी अळीही कुटुंबासह गेली असती. ते करता यावं म्हणून त्याने शेजारची तारही सैल करून बाजूला घेतली. नवी खुंटी बसवली. नवी तार घातली. शेजारची परत लावली. मग वाजवलं.

त्याने डोळे मिटले. आणि मिटलेलेच ठेवून म्हणाला, "आहे."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिला वाटलं, आता पुरे. इतकं ताणायचं नसतं, तारही तुटते. कोणीतरी आधी बोलायला हवं, आणि तो काही या जन्मात बोलणारा दिसत नव्हता.

"नाही," ती हसून म्हणाली. "नाहीये. कधीच नव्हती. पुरे करा आता हे नाटक, आणि काय विचारायचं ते सरळ विचारा… मी काही नाही म्हणणार नाही."

त्याने डोळे उघडले.

"कधीच नव्हती?"

"त्या पहिल्या दिवसापासून नव्हती. तुम्हालाही माहितीय."

तो हळूच पियानोवर वाकला. दोन्ही तळवे उघडे करून त्याने तारांवर ठेवले, सगळ्या तारा गप्प कराव्यात तसे. खोलीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं. आतल्या खोलीत आत्याचा श्वाससुद्धा थांबल्यासारखा.

"आताही आहे," तो म्हणाला.

तिचं हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना. ते तसंच तोंडावर राहिलं, काढायला विसरलेल्या दिव्यांच्या माळेसारखं.

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "वाटलं, तारेत नाही, माझ्याच कानात आहे. म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही 'हो' म्हणालात… मला किती बरं वाटलं होतं."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी…"

"त्यासाठीही येत होतो." त्याने हत्यारं पिशवीत भरायला घेतली. "पण झणझण खरी होती."

*

कानाच्या डॉक्टरांकडे तो एकटाच गेला. हे तिला आत्याकडून कळलं, कारण त्याने फोन आत्याला केला होता. वर्षानुवर्षं पियानोत डोकं घालून कर्कश सूर ऐकले, नस दुखावली. ही झणझण आता जाणार नाही. वाढेल की नाही, सांगता येत नाही. सुरुवातीलाच आला असतात तर औषधाने फरक पडला असता—कदाचित.

"कदाचित म्हणाले," आत्या दुसऱ्यांदा म्हणाली.

"ऐकलं मी."

"चमचा माझ्या हातून पडला होता. तेव्हाच बाहेर येऊन बोलायला हवं होतं. मला गंमत वाटली." आत्या आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत होती. "माझे कान अजून शाबूत आहेत, आणि मी ते गंमत बघायला वापरले."

दुकानात ती कामं करत राहिली. "हे स्पष्ट, की आधीचं?" एका आजोबांनी लगेच "हे, हे" म्हटलं, तशी ती भिंग खाली ठेवून म्हणाली, "आजोबा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. हात जोडते." आजोबा घाबरले. मालकांनी तिला पाणी आणून दिलं.

तो येत नव्हता. तिने फोन करायला घेतला की हातात फोन जड व्हायचा. काय म्हणणार होती ती? चुकले—हा शब्द तिने आरशासमोर म्हणून बघितला. त्या नेढ्यात तो बसत नव्हता.

शेवटी पियानो न्यायला गाडी यायचा दिवस ठरला, आणि आत्याने त्याला निरोप धाडला. काम अर्धवट टाकून पळणाऱ्याला मी शिकवणीत ठेवलं नसतं, आदल्या संध्याकाळी येऊन जा.

तो आला. दारात चपला काढताना म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, सवय होईल. मी विचारलं, कोणाला? मला, की कानाला?"

कोणी हसलं नाही. हसावं अशीच त्याची अपेक्षा होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

त्याला दूरच्या एका शहरात, पियानोच्या कारखान्यात काम मिळालं होतं. फक्त नेढी कोरायची. ऐकायला तिथे दुसरी माणसं होती. उद्याची गाडी होती. पियानोची सकाळी, त्याची दुपारी.

"सूर कसे आहेत, ते मला कळणार नाही," तो झाकण उघडत म्हणाला. "तुम्हीच ऐका."

त्याने एकेक सूर वाजवला. ती डोळे मिटून ऐकत होती. इतके दिवस त्याच्या चेहऱ्याकडे बघत तिने जे ऐकलंच नव्हतं, ते आता ऐकत होती. तो नवीन खुंटीचा सूर स्वच्छ होता. पुढचा…

पुढचा विझता विझता झणझणला.

बारीक. पण खराखुरा. शेजारची ही तार परत लावताना ती नेढ्याच्या कडेवर घासली असणार. 'स्वच्छ आहे' म्हटलं असतं, तर तो शांत मनाने गेला असता. आणि 'झणझणतंय' म्हटलं, तर ते कोणाला खरं वाटणार होतं—आदल्या संध्याकाळी, तिच्या तोंडून?

"झणझणतोय हा," ती म्हणाली.

त्याने पट्टीवरचं बोट उचललं नाही.

"खरंच?"

"खरंच. तुम्ही नाही मानलंत तरी चालेल. पण झणझणतोय."

स्वयंपाकघर चिडीचूप होतं. आत्याला बाहेर येऊन 'हो' म्हणता आलं असतं. ती आली नाही.

मग त्याने पिशवी उघडली, कोरणं काढलं, तार सैल करून ओढून घेतली. तिने बॅटरी धरली. डोकी पुन्हा एका झाकणाखाली आली. त्याने कोरणं थोडंसं फिरवलं, दोरा घासला, तार घातली, वाजवलं.

"हे बरं," त्याने विचारलं, "की आधीचं?"

तिच्या दुकानात आजवर कोणी घेतला नव्हता एवढा वेळ तिने घेतला. सूर पूर्ण विझला, त्याच्या मागची शांतताही विझली. "हे बरं. पण अजून आहे. शेवटी."

त्याने परत तार काढली. परत वाजवलं.

"पुरे," ती म्हणाली.

त्याचा हात तरी कोरण्याकडे गेला. त्याच्या कानात ते चालूच होतं. एक फेरा अजून, असं बोटं म्हणत होती. तिने त्या बोटांवर हात ठेवला.

"पुरे म्हटलं ना. स्वच्छ आहे."

त्याने कोरणं खाली ठेवलं.

*

मग तो नेहमीसारखा हात धुवायला गेला. ती दाराशी उभी राहिली. नळाच्या धारेखाली त्याचा चेहरा सैल होत गेला, आणि ते कशामुळे, हे तिला आत्ता कुठे कळलं.

"पाण्यात येत नाही ना ऐकू ती?"

"नाही. नळाखाली सगळं स्वच्छ असतं." तो धारेकडे बघत होता. "म्हणून इथेच सांगतो. मधे काही वाजत नसताना. मला तू फार आवडतेस… भुवई पुसलीस त्या दिवशी हेच म्हणणार होतो. खुंटीचं तोंडातून निघून गेलं."

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "तेवढं एकच बरोबर ऐकलं मी."

"हो."

"रागावलायस?"

त्याने विचार केला. "रोज थोडा वेळ," तो म्हणाला. "बाकीचा वेळ तुझी आठवण येते. दोन्ही एकदम आलं की फार गोंधळ होतो."

"पाणी वाया जातंय," बाहेरून आत्या म्हणाली. आवाज ओला होता.

त्याने नळ बंद केला. आणि तिला दिसलं—त्याच्या चेहऱ्यावर झणझण परत आली. न बोलावता आत येऊन नेहमीच्या जागी बसली. डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या, मान किंचित तिरकी झाली. पुढे कधी, कुठल्याही गर्दीत, लांबूनसुद्धा तिला ते ओळखता आलं असतं.

"आली?" तिने विचारलं.

"आली."

गाडी उद्या दुपारची होती. तिने हात पुढे केला आणि नळ पुन्हा सोडला.

आत्या काही बोलली नाही.